फेट्याआडचं कीर्तन

कीर्तन रंगलं की नाही, हे त्या गावात उद्धवरावांच्या मानेवरून ठरत असे. चिंचवड स्टेशनापासून कोसभर आतलं गाव. हनुमान जयंतीच्या सप्ताहात कीर्तनकार उभा राहिला, की देवाच्या आधी तो पहिल्या रांगेतल्या उद्धवरावांकडे बघे. मान डोलली तर पुढच्या वर्षीचं आमंत्रण पक्कं. नाही डोलली तर बुवांनी आपलं बिऱ्हाड आवरावं.

अशा या जाणकाराला बारा वर्षं ऐकू येत नव्हतं. गाव त्यांना तात्या म्हणे, आणि गावाची समजूत, तात्यांना जरा कमी ऐकू येतं, एवढीच. कानाशी ओरडलं तर त्यांना शब्द कळत. देवळाच्या गर्दीत मात्र टाळ, मृदंग आणि बुवा सगळेच मुके. पण समोर बायकांत छबूबाई बसत. उद्धवराव भिवया उंचावून बायकोला विचारत, कसं काय? तिने पदर सारखा केला, की मान डोलवायची. नथीला हात लावला, की मख्ख बसायचं. इतका एकोपा त्या संसारात दुसऱ्या कुठल्याच कामात नव्हता.

त्या वर्षी त्यांच्या पडवीत ज्योतीराम भाड्याने राहायला आला. गडी लातूरकडचा, पिंपरीच्या नव्या औषध कारखान्यात वायरमन. तात्या देवळात नुसते बघत बसतात, हे त्याने महिन्याभरात ओळखलं आणि कुणा साहेबाची कानाने ऐकायच्या यंत्राची जुनी डबी मागून आणली.

"तात्या, सभामंडपाच्या भिंतीनं तार फिरवतो," तो त्यांच्या कानाशी ओरडला. "लाउडस्पीकरच्या मशिनातून बुवांचा आवाज तारेत जाईल. तुम्ही तारेच्या आत बसलात, की खिशातली डबी तो हवेतून ओढून घेते बघा!"

"लोकांना दिसंल न्हवं?"

"कानातलं फेट्याखाली दडवा. कुणाच्या बापाला कळत नाही!"

कीर्तनाच्या दिवशी उद्धवरावांनी सकाळीच फेटा बांधून ठेवला. छबूबाईंना त्यांनी मुद्दाम सांगितलं नाही. म्हटलं, घरी गेल्यावर चकित करू. लाउडस्पीकरची म्हणून सांगितलेल्या तारेला हात लागून बायकांना शॉक बसेल, या धास्तीने देवळाचा कारभार बघणाऱ्या नानासाहेबांनी बायकांची सतरंजी खांबाच्या पलीकडे सरकवली. छबूबाई दिसेनाशा झाल्या. आता खुणेची गरजच कुणाला, असं म्हणून उद्धवरावांनी फेटा सारखा केला.

सलग सहा वर्षं त्यांनी पसंत केलेले आळंदीचे सोपानबुवा उभे राहिले. टाळ वाजले आणि उद्धवरावांचे डोळे भरून आले. मग बुवांनी तान घेतली.

जात्यात खडा सापडावा तसा आवाज झाला. डबी बिघडली असं समजून उद्धवरावांनी खिशातली चावी पिळली. बुवा आणखी स्पष्ट झाले. पेटी सुरात होती, मृदंग तालात होता, बुवा तेवढे दोन्हींच्या बाहेर होते. उद्धवरावांचा चेहरा कडू कारल्यासारखा झाला.

बुवांनी तो पाहिला आणि घाबरून स्वर चढवला. चेहरा आणखी वाकडा झाला. तात्यांचं बघून सगळ्या सभामंडपाने तोंडं वाकडी केली. शेवटी सुदाम्याला कृष्णाच्या दारातच उभा ठेवून बुवांनी आरती उरकली.

घरी येताच उद्धवराव कडाडले, "सहा वरसं ह्या मानसाला तू पदर सारका केलास? कान फुटलं व्हते का तुजे?"

बाहेर पडवीत ज्योतीरामने चहा खाली ठेवला. छबूबाई उठून त्यांच्या कानाशी आल्या.

"व्हय," त्या म्हणाल्या. "सा वरसं झाली. तुमी घरात वरडून बोलता म्हनून भागतंय. द्येवळात काय बी ऐकू येत न्हाई."

"मग खुना?"

"तुमी भिवया वर करायचा. मला वाटायचं, तुमाला लई आवडलंय. म्हनून पदर सारका करायची."

उद्धवरावांनी फेटा काढून खाली ठेवला. त्यांना छबूबाईंचा राग यायला हवा होता, पण आला तो स्वतःचाच. सहा वर्षं ती बहिरी आणि आपल्याला पत्ता नाही, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

सकाळी बुवा दारात हजर. नानासाहेबांनी त्यांना आजच्या कीर्तनापुरतं ठेवून घेतलं होतं. आजही मान हलली नाही, तर राम राम.

"तात्या, माझं काय चुकलं?" बुवा त्यांच्या कानाशी वाकले. "दर वर्षी निघताना घरी मंडळींना सांगतो, तिथं एक माणूस आहे, ज्याला माझं कळतं."

उद्धवरावांनी बुवांना ओट्यावर बसवलं. "बुवा, काल माजं पोट बिगडलं व्हतं," ते म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी बायकांची सतरंजी जागच्या जागी आणवली. डबी छबूबाईंच्या कनवटीला गेली, कानातलं पदराखाली. "ऐक तू," एवढंच ते म्हणाले. बुवांनी देवाला नमस्कार केला, उद्धवरावांकडे पाहिलं आणि तान घेतली. उद्धवरावांनी भिवया उंचावल्या.

सहा वर्षांत पहिल्यांदाच छबूबाईंनी ऐकून खूण केली. त्यांनी नथ दोन्ही हातांनी घट्ट धरली.

उद्धवरावांनी ती नीट पाहिली. मग बुवांकडे वळून त्यांनी मान डोलवली, आणि पाठोपाठ अख्खा सभामंडप डोलू लागला.