मिलिंग यंत्र घरी चढविले आणि पेठेच्या पंपाचा शाफ्ट घडविला, त्याची हकीकत

साहेबीं पाणी अडविले. पेठ कोरडी पडली ती तळे आटले म्हणोन नव्हे, पंप बिघडला म्हणोन नव्हे, साहेबांच्या कुलपाने पडली. आणि वर हणमंतराव पांचाळ यांसच कागद धाडिला की, "सरकारी पंपात अनधिकृत शाफ्ट बसविला, तो कोठे व कैसा घडला याचा खुलासा करणे." हणमंतरावांस हत्यार धरितां येते, लेखणी नाही; म्हणोन पेठेतील हा सेवक त्यांचे वतीने लिहितो. सेवकही सातवीपुढे शाळेत गेला नाही. शब्द उणाअधिक पडेल, माप पडणार नाही.

विश्वकर्मा साक्ष, तेल साक्ष, पोलाद साक्ष. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, आणि लिहिणाराचा स्वभावही तोच. फाल्गुन शुद्ध द्वितीयेस पेठेचा पंप एकाएकी खडखडला आणि थांबला. उघडोन पाहतां आंतला शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, मोडलेला. कारण काय, तर गतसाली साहेबांच्या ठेकेदाराने शाफ्टातील खाच छिन्नीने खोदिली होती. या खाचेत चावी बसते. चावी म्हणजे शाफ्ट आणि चाक एकत्र फिरावे म्हणोन दोहोंमध्ये ठोकितात तो पोलादी तुकडा. साहेबांस ठाऊक नसेल, म्हणोन लिहिले. खाच वाकडी, म्हणोन चावी डुगडुगली, आणि डुगडुगतां डुगडुगतां शाफ्ट फाटला. दरबारी अर्ज केला तों उत्तर आले, नवा शाफ्ट कंपनीकडोन चार महिन्यांनी येईल. चार महिने! पुढे चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, आणि पेठेत आठशे उंबरठे!

ऐसियास हणमंतराव उठिले. छत्तीस वर्षे कारखान्यात टर्नर, घरी पडवीत लेथ, म्हणजे लोखंड फिरवोन कातणारे यंत्र. त्यांणी दोन दिवसांत नवा शाफ्ट लेथवर उतरविला, चाळीस मिलिमीटर जाडीचा, आरशासारखा. परंतु खाच लेथवर होत नाही, त्या खाचेस मिलिंग यंत्रच, म्हणजे फिरत्या धारेने लोखंड कोरणारे यंत्रच, पाहिजे, आणि शहरातील मिलिंगवाला म्हणाला, महिन्याची रांग आहे. मग हणमंतरावांनी मनसुबा केला की यंत्रच घरी आणावे, आणि तो मनसुबा पत्नी सुलोचनाबाईंचे कानी घातला. बाई बोलिल्या, "अहो, पडवीत लेथ आहे. हे आता कुठं ठेवणार, माझ्या डोक्यावर?" राव म्हणाले, "तुझी ती कपडे वाळत घालायची खोली..." "वाटलंच मला!" ऐसे म्हणोन बाईंनी दोऱ्या सोडविल्या. मुलूख सर जाहला.

मग इब्राहीमभाई मणेर यांस बोलाविले. अवजड यंत्रे हालविण्यांत यांचा उभा जन्म गेला. बंद पडलेल्या एका कारखान्याचे आवारांत एक टन वजनाचे जुने मिलिंग यंत्र धूळ खात उभे होते, ते टेम्पोवर चढवोन दारी आणिले. दार लहान, यंत्र थोर, म्हणोन चौकट काढिली, भुईवर लोखंडी पाइप आडवे टाकिले, आणि पहारींनी रेटीत रेटीत, मागचा पाइप काढोन पुढे घालीत, हत्ती देवडींतून न्यावा तैसे यंत्र आंत नेले. भाई ओरडत, "हणमंता, पाय बघ! पाय गेला तर दुसरा लेथवर नाही करता यायचा!" आणि राव हांसत, आणि शेजारपाजार भिंतीवर चढोन पाहत. सेवकानेही एक पहार धरिली होती, हे येथे लिहून ठेवितो.

मग लेव्हल टेबलावर ठेविली, पायांखाली पत्र्याचे तुकडे सारिले, आणि बुडबुडा मधोमध आला तेव्हां चारी बोल्ट आवळिले. मग पूजा मांडिली. नवे यंत्र घरी आले, नारळ न फोडतां कळ कोण दाबील! राव हर्षभरे टेबलावर हळदकुंकू वाहते जाहले आणि मूठमूठ अक्षता टाकिते जाहले. बाई म्हणाल्या, "पुसून घेते." तों राव आणि भाई दोघे एके स्वरे, "छे छे! आजची पूजा आजच पुसू नये." राव म्हणाले, "आमच्या उस्तादांनी कधी पुसू दिली नाही." आणि घाई इतकी की जरा फुंकर मारिली आणि त्याच टेबलावर व्हाइस, म्हणजे लोखंड घट्ट धरणारा जबडा, आवळोन टाकिला.

मग डायल काढिला. डायल म्हणजे घड्याळासारखी एक चकती. मिलिमीटराचा शंभरावा हिस्सा चुकला तरी काटा हालवोन सांगते. दरबारचे बातमीदार धनी पाहून बातमी लिहितात. डायल धनी ओळखत नाही. तो यंत्राचे वरचे डोक्यास, जेथे कटर बसतो तेथे, बांधोन टेबलावरोन चहूंकडे फिरविला, डोके केसभर कलले होते ते लाकडी हातोडीने ठोकीत ठोकीत सरळ केले. व्हाइसचा उभा जबडाही डायलाने लांबोलांब तपासिला. काटा जागचा हालेना. तेव्हां बारा मिलिमीटरचा कटर कॉलेटांत, म्हणजे त्यास पकडणाऱ्या नळींत, धरिला, जुन्या रॉडाचा तुकडा लाविला, कळ दाबिली, आणि यंत्र गर्जले, तेलाचा धूर उठला, सोनेरी कीस उडो लागला! भाईंनी टोपी उडविली. आणि मापून पाहतां शिकस्त. खाचेचे एक टोक पांच मिलिमीटर खोल, दुसरे पांच आणि वर पाव. ठेकेदाराचीच खाच, फक्त सुबक.

रावांनी यंत्राचे डोके पुन्हा ठोकिले, पुन्हा खाच, पुन्हा तीच. भाई म्हणाले, "फरशी दबली." राव म्हणाले, "फरशी नव्हे, मीच दबलो. छत्तीस वर्षं वाया गेली." दुसरा दिवसही ऐसाच गेला. तों बाई चहा घेवोन आल्या आणि म्हणाल्या, "अहो, त्या जबड्याखाली पुसलं होतं का?" पुसले नव्हते, फुंकर मारिली होती. "बुडाला डायल लावला होता का?" तेही नाही, जबडा तपासिला, बूड नाही. व्हाइस सोडोन उचलिला, तों खाली हळदीत चेपलेला अक्षतेचा एक दाणा! एका दाण्याने एका टनाचा हत्ती वाकविला होता. बाई म्हणाल्या, "आजची पूजा आज पुसू नये, नाही का? उस्ताद कुठं राहतात तुमचे? त्यांनाही चहा पाठवते." भाई इतके हांसले की कप सांडला. राव हात जोडोन म्हणाले, "पूस बाई, सगळं पूस."

मग टेबल पुसले, रॉकेलाने धुतले, व्हाइस बसवोन बुडासही डायल लाविला, आणि रॉडावर खाच घेतली ती दोन्ही टोकांस पांच. तेव्हां खरा शाफ्ट चढविला. राव श्वास धरोन चाक फिरवीत, बाई कुपीने तेल सोडीत, कीस पिवळा, मग निळा, आणि चावी बसली ती ऐसी की हाताने शिरेना, हलक्या ठोक्याने शिरली आणि मग हालेना. फत्ते! फाल्गुन वद्य षष्ठीस चौकीदाराने पंपघर उघडिले, शाफ्ट बसला, आणि पंप सात तास चालला, चाराण्याचे नाणे वर उभे केले असते तर पडते ना! आठशे उंबरठ्यांस पाणी आले.

आणि मग साहेब आले. "शाफ्ट कुणी केला?" "मी केला, साहेब." "प्रमाणपत्र?" "डायल आणलाय, लावून बघा." त्यावर साहेबीं उत्तर केले, ते अक्षरशः लिहितो: "डायल आमच्या अखत्यारीत येत नाही." आणि चालता पंप बंद करोन दारास कुलूप ठोकिले.

येणेप्रमाणे शाफ्ट घडला. चूक जाहली ती दाण्याएवढी, ती आम्हीच शोधिली आणि आम्हीच लिहिली. आज चार दिवस जाहले. तळ्यांत पाणी आहे, पंप धड आहे, आणि बायका घागरी घेवोन दीड कोस जाताहेत. आता साहेबीं खुलासा करावा. शाफ्टांत दोष असेल तर कोठे आणि मिलिमीटराचे किती शतांश, ते स्वतः मापून लिहावे. नसेल तर कुलूप कोण काढणार आणि कोणत्या वारी, ते लिहावे. उत्तर पाहिजे.