गंज उतरवणारे मठपती सर

मठपती सर भेटल्यावर नमस्कार करत नसत. आधी तुमच्या तोंडाकडं टक लावून बघत, मग हळहळून म्हणत, "गंज चढून राहिलाय तुम्हाला."

मी नांदेडहून लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवायला आलो, त्या पहिल्याच सकाळी त्यांनी मला हे ऐकवलं. मी घाबरून चष्मा काढला, तोंड पुसलं.

"पुसून जात न्हाई जोशी सर. लोखंडाला चढतो तसा माणसाला बी चढतो. ज्या ऑक्सिजनवर जगायचं, तोच आतून खातो. घ्या, तोंडात टाका."

स्टीलचा डबा पुढं आला. आत शिंदोळ्या. ओढ्याकाठच्या शिंदीला येणारी ही बारीक, नारिंगी खजुरं. गर कमी, बी मोठी. मी एक चावली आणि जीभ टाळूला चिकटली.

"तुरट लागली? लागू द्या! तुरट म्हणजे टॅनिन. टॅनिन म्हणजे पहारेकरी. आणि हा रंग बघा, कॅरोटीन! अँटिऑक्सिडंट हाय अँटिऑक्सिडंट!"

उंच, हडकुळे, कपाळावर भस्माचे पट्टे, असे हे आमचे केमिस्ट्रीचे सर. तेव्हा लातुरात घरोघरी भाडेकरू पोरं आणि गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या झाल्या होत्या. बापलोक लांबलांबून ट्रंका घेऊन येत आणि पोराला डॉक्टर करायला सोडून जात. त्या पोरांपुढं सर वांगं घेऊन उभे राहत. वांगं चिरायचं, एका फोडीला लिंबू चोळायचं, दुसरी तशीच ठेवायची. तास संपेपर्यंत दुसरी काळी पडे.

"ही बिनलिंबाची फोड म्हणजे परीक्षेनंतरचे तुम्ही!"

पोरं खिदळत आणि बाहेर पडताना निमूट डब्यात हात घालत.

माझी सासुरवाडी धर्माबादची. उन्हाळ्यात तिकडून ताडगोळे येत. एकदा मी त्यांची पातळ साल काढत बसलो होतो, तेवढ्यात सर दारात. सोनं उकिरड्यावर टाकताना पाहावं तसे ओरडले, "अरारा! गर म्हणजे निव्वळ पाणी! खरा माल सालीत हाय! वहिनी, तुम्ही तरी सालीसकट खा." बिचारीनं खाल्ले. तेव्हापासून फाटकाशी सर दिसले की आमच्याकडं ताडगोळे कॉटखाली जात.

आमचा कारकून सुपारीचा शौकीन. त्यानं एकदा सरांना कोंडीत पकडलं. "सर, सुपारी बी ताडाच्याच घराण्यातली की. मग मला का रागावता?"

"प्रत्येक घराण्यात एखादा दिवटा निघतोच," सर म्हणाले. "थुंक आधी."

असे दिवस मजेत चालले होते. मग एका दुपारी उदगीरकडचे एक किराणा दुकानदार क्लासवर आले. त्यांची मुलगी सरांची विद्यार्थिनी. तिच्या आईला कॅन्सर निघाला होता आणि डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं.

"ती ऑपरेशनला तयार न्हाई सर," ते म्हणाले. "पोरीनं तुमच्या फळाचं सांगितलं. आता बायको म्हणते, त्याच्यावरच भागवू. थोड्या द्या."

नेहमी न मागता उघडणारा तो डबा सरांनी दोन्ही हातांनी दाबून धरला.

"न्हाई मालक. हे खाणं हाय, औषध न्हाई. परीक्षानळीत दिसतं ते पोटात तसंच होतं का, हे मला ठाऊक न्हाई. ऑपरेशन करा."

"पण तिला कोण समजावणार?"

सरांनी आपला तास माझ्या गळ्यात घातला आणि दुकानदारांबरोबर थेट उदगीर गाठलं. तिथं त्या बाईंशी काय बोलले कोण जाणे, पण ऑपरेशन झालं. ते होईपर्यंत सर दवाखान्याच्या बाकावर बसून होते. पुढं मुलीच्या निकालाचे पेढे द्यायला त्या बाई स्वतः आल्या.

उदगीरहून सर परतले, तेव्हा मी त्यांना विचारलं, "सर, तुमचीच खात्री नाही, तर आम्हाला रोज का चारता?"

सर फळा पुसत राहिले. मग म्हणाले, "रविवारी चला माझ्यासंगं."

सरांचं गाव भूकंपात गेलं, एवढं क्लासमध्ये सगळ्यांना माहीत होतं. आई, वडील, धाकटा भाऊ. त्या रात्री सर लातूरला, क्लासच्या खोलीवर होते. त्याबद्दल ते बोलत नसत आणि आम्हीही विचारत नसू.

एसटीनं आम्हाला फाट्यावर सोडलं. लांब माळावर नवं गाव दिसत होतं, सरळ रस्त्यांचं, एकसारख्या घरांचं. सर तिकडं वळलेच नाहीत. जुन्या गावात दगडांचे ढीग होते आणि त्यांत बाभळी माजल्या होत्या.

"ही आमची गल्ली," एका ढिगाजवळ थांबून ते म्हणाले, आणि चालू लागले.

खाली ओढा होता. शिंदीची झाडं मात्र जशीच्या तशी उभी होती. बुंध्याभोवती पिकल्या शिंदोळ्यांचा सडा पडला होता. सर उकिडवे बसून वेचू लागले. मीही बसलो.

"आई वेचायची," मान वर न करता ते म्हणाले. "पदर भरून आणायची आणि दारात बसायची. गल्लीतलं कुणी रिकाम्या तोंडानं पुढं गेलं तर तिला चैन पडायचं न्हाई. आता वेचायला मी हाय, पण गल्लीच न्हाई. मग कुणाला वाटू?"

सरांनी वेचलेल्या शिंदोळ्या डब्यात टाकल्या.

"लातुरात जाऊन 'माझ्या गावची शिंदोळी खा' म्हटलं तर कोण खातंय सर? अँटिऑक्सिडंट म्हटलं की डॉक्टर बी हात पुढं करतो."

ते हसले. मलाही हसू आलं. मी हातातली एक शिंदोळी पुसून त्यांच्यापुढं धरली. त्यांना स्वतः खाताना मी कधी पाहिलंच नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं.

"तुम्ही खा की सर."

त्यांनी ती बराच वेळ बोटांत फिरवली. मग तोंडात टाकली.

परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले होते. लातूर आलं तरी गालात अजून बी होती.