यंत्रबाळाची चौथी शक्ती

समाजाचं आरोग्य त्याच्या बालचित्रपटांवर अवलंबून असतं, आणि बालचित्रपटांचं आरोग्य आमच्या परीक्षण समितीवर. समितीत पाच सदस्य आहेत. पाचही जण मुलांचे वडील आहेत, त्यामुळे मुलांना काही विचारण्याची गरज आजवर पडलेली नाही.

आमचा नियम सोपा आहे. पडद्यावरची करामत मुलांना घरी करता येण्यासारखी असेल तर ती धोकादायक. अशक्य असेल तर खुशाल दाखवा. शक्य की अशक्य हे ठरवण्यासाठी सदस्य स्वतः ती घरी करून बघतात. (कागदावर विसंबून राहणारी समिती ही नव्हे.)

मागच्या महिन्यात एका यंत्रबाळाचा कार्टूनपट आला. हे बाळ उडतं, भिंतीतून आरपार जातं आणि नुसत्या नजरेने दूध तापवतं. अध्यक्ष कपाटावरून उडाले. उपाध्यक्ष भिंतीपर्यंत गेले आणि तिथेच खाली बसले. मी पातेल्याकडे टक लावून दुपार घालवली. दूध नासलं, पण तापलं नाही. सबब तिन्ही शक्ती निर्धोक ठरल्या. अध्यक्षांनी सही डाव्या हाताने केली.

घोडं अडलं ते शेवटच्या प्रसंगापाशी. त्यात बाळ म्हणतं, "बाबा, ऐक ना," आणि त्याचे बाबा फोन पालथा ठेवून चार मिनिटं नुसतं ऐकतात.

"ही कोणती शक्ती?" अध्यक्षांनी विचारलं.

"शक्ती कसली हो," सिनेमा काढणाऱ्या बाई म्हणाल्या. "साधा प्रसंग आहे. सहा वर्षं मी माझ्या मुलीला 'थांब, एवढं चित्र होऊ दे' म्हणत आले. तिची माफी मागायला हा प्रसंग ठेवलाय. बाकी सगळं कापा, पण हा राहू द्या."

समिती हळवी झाली. पण नियम तो नियम. आम्ही आपापल्या घरी प्रयोग केला. अध्यक्ष अकरा सेकंद टिकले. उपाध्यक्ष चाळीस (पैकी तीस, फोन कुठे पालथा ठेवला ते आठवण्यात). दोन सदस्यांची मुलं घरात नव्हती. कुठे गेली आहेत हे त्यांना सांगता आलं नाही. माझी सात वर्षांची लेक शाळेतल्या गोगलगायीची हकिगत सांगत होती. गोगलगाय कुंडीच्या काठावर पोचली, तोच अध्यक्षांचा फोन आला, प्रयोग कसा चाललाय म्हणून.

प्रसंग सर्वानुमते अशक्य, म्हणजेच निर्धोक ठरला. आम्ही एक चित्रही कापलं नाही. मुलांचा गैरसमज नको म्हणून खाली फक्त पट्टी टाकली: 'हे दृश्य काल्पनिक आहे. घरी प्रयत्न करू नये.'

बाईंनी ती पट्टी वाचली. "माझ्या मुलीला आता वाचता येतं हो," एवढंच म्हणाल्या.

पहिल्या खेळाला मी लेकीला घेऊन गेलो. तिने एकेक अक्षर लावत पट्टी वाचली. "मला माहीतच होतं," ती म्हणाली आणि पॉपकॉर्न खाऊ लागली. मला फार वाईट वाटलं. गोगलगायीचं पुढे काय झालं ते विचारणारच होतो, तेवढ्यात समितीचा मेसेज आला.

हा मजकूर वाचायला साधारण तीन मिनिटं लागतात. तेवढ्यात आतल्या खोलीतून तुम्हाला दोनदा हाक आली. काळजी नसावी. तुम्ही मान वर न करता 'हं' म्हणालात, आणि समितीच्या मते तेवढं पूर्णपणे सुरक्षित आहे.