दौलतभाऊंचं नायट्रिक

लोक शर्टाच्या ज्या खिशात पेन ठेवतात, त्या खिशात दौलतभाऊ बोटाएवढी तपकिरी बाटली ठेवायचे. बाटलीत नायट्रिक आम्ल. बसमध्ये शेजारी बसलेला माणूस हमखास विचारायचा, "काय, अत्तर हाय का?" आणि उत्तर ऐकून दुसरी सीट शोधायचा.

वर्ध्याच्या आमच्या महाविद्यालयात ते रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. मी तिथं नवीनच शिकवायला लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला आम्लांचा परिचय करून दिला. "मॅडम, सल्फ्युरिक रागीट हाय. हायड्रोक्लोरिक नुसतं नाकात जाते. पण नायट्रिक हुशार हाय. ते माणूस पाहून वागते."

मी एम.एस्सी. होते, पण हे मला कोणी शिकवलं नव्हतं. त्यांनी लगेच पुरावाही दिला. तांब्याची तार टाकली, तर तपकिरी धूर निघून सगळं हिरवंगार झालं. मग ॲल्युमिनियमचा तुकडा टाकला, आमच्याकडे ज्याला जर्मन म्हणतात तो. काही झालं नाही. "पाहा, जर्मनपुढं कसं मुकाट बसते. म्हणून तर याच्या टँकरले जर्मन वापरतेत." तीव्र आम्लात ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर धरतो, असं मी म्हणाले. "तेच तं," ते म्हणाले, "थर पाहून दबते."

त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं कायम पिवळी असायची. दर वर्षी नव्या वर्गापुढं ती वर धरून ते सांगत, "हे हळद नोय. कातडीतलं प्रथिन अन् नायट्रिक, दोघाईचं लगन लागलं." त्या वर्षी मग एकही मूल हातमोज्यांशिवाय टेबलाजवळ जात नसे.

जगातली प्रत्येक गोष्ट नायट्रिकपाशी आणून सोडणं हा त्यांचा छंद होता. शेतातलं खत त्याचं, खाणीतला सुरुंगही त्याचाच. "एकच गडी पेरते बी अन् फोडते बी." डेअरीच्या नळ्यांत चिकटलेला दुधाचा थर तेच काढतं, म्हणून चहा पितानाही त्याची आठवण. एकदा मतदानाच्या रांगेत त्यांनी पुढच्यामागच्यांना थांबवून सांगितलं, "बोटाले लावतेत ते शाई कायची? चांदीची. चांदी कोणं विरघळवली? नायट्रिकनं. त्याच्याबिगर निवडणूक होतच नाई." आतून अधिकारी आले आणि म्हणाले, "काका, इथं प्रचार चालत नाही."

पवनारच्या घरी ते नोकरीत असल्यापासूनच गावाचं सोनं तपासत, निवृत्तीनंतर तर रोजच. फुकट. एका ओळखीच्या सराफाकडून कसोटीचा काळा दगड मिळवला होता. दागिना दगडावर घासायचा, रेघ उमटली की तिच्यावर आम्लाचा थेंब. सोनं असेल तर रेघ राहते, पितळ असेल तर पुसली जाते. निकाल ते मोठ्यानं सांगत. एका बाईच्या माहेरच्या बांगड्या त्यांनी भरल्या ओट्यावर पितळेच्या ठरवल्या. त्या घरानं त्यांना पुढं कधी जेवायला बोलावलं नाही. मी म्हटलं, "जरा हळू सांगायचं." ते म्हणाले, "मॅडम, नायट्रिकले तोंडदेखलं बोलता येत नाई. मले तरी काऊन यावं?"

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात ते आणि मुलगी सुषमा. सुषमाचं लग्न जमलं केळझरच्या मुलाशी. त्याची आई वच्छलाबाई गणपतीच्या देवळाजवळ नारळ-हार विकायची. नवरा नव्हता, मुलाला तिनंच शिकवलं होतं.

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, पवनारला, दौलतभाऊंच्या अंगणात. पाहुणे यायच्या आधी सुषमानं बापाच्या शर्टाच्या खिशातली बाटली काढली आणि त्यांच्यादेखत माझ्या पर्समध्ये टाकली. "मॅडम, आज काही झालं तरी देऊ नका."

कार्यक्रम छान चालला होता. शेवटी वच्छलाबाईंनी स्वतःच्या गळ्यातला, नवऱ्यानं घेऊन दिलेला गोफ काढला, सुषमाला घालायला. तेवढ्यात मुलाचा मामा, चार लोकांत उठून दिसायची हौस असलेला माणूस, म्हणाला, "थांब बाई. व्याह्याजवळ काही तेजाब हाय म्हणतेत. आमची परीक्षा होऊन जाऊ द्या."

सुषमानं माझ्याकडे पाहिलं. दौलतभाऊंनीही. मी म्हणाले, "बाटली नाही आणली त्यांनी आज."

"आणली हाय," दौलतभाऊ म्हणाले. "मॅडमच्या पर्समंधी हाय." आणि पँटच्या खिशातून त्यांनी कसोटीचा दगड काढला. दगड शोधायचं सुषमाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी बाटली दिली. त्यांनी गोफ दगडावर घासला. पिवळी रेघ उमटली. वच्छलाबाई कौतुकानं बघत उभ्या होत्या, डॉक्टर बाळाचं वजन करताना आई बघते तशा. थेंब पडला. मी अगदी शेजारी होते. पापणी लवायच्या आत रेघ गेली. दगड कोरा काळा.

दौलतभाऊंनी त्याच्यावर रुमाल टाकला, दगड पुसला आणि खिशात ठेवला.

"चोख हाय," ते म्हणाले.

"पक्कं?" मामानं विचारलं.

"नायट्रिक खोटं बोलते काय?"

वच्छलाबाईंनी गोफ सुषमाच्या गळ्यात घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामा जिलबीकडे वळला.

संध्याकाळी ते मला बसपर्यंत सोडायला आले. रस्ता लागेपर्यंत पुढं पुढं चालले. मग म्हणाले, "तुमी पाह्यलं."

"पाहिलं."

"सुषमाले मी सांगीन. घालावं, मोडाले नेऊ नये."

"पण तुम्ही..."

"त्या बाईच्या तोंडावर भेव होतं काय? नव्हतं. तिच्या मालकानं घेऊन देल्ला तो गोफ. तो फसला का त्यानं फसवलं, मले काय मालूम. आता मेल्या माणसाले मी तिच्या पोरासमोर लबाड पाडू?"

आम्ही रस्त्याकडेला उभे राहिलो. मला राहवलं नाही. मी विचारलं, "सुषमाच्या आईच्या गळ्यातली सोन्याची पोत तपासली होती कधी?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"पहिल्या पगाराची होती. सोनार अनोळखी, मी बी नवीनच. ती म्हणे, साऱ्या गावाचं पाहता, माह्यंच काऊन नाई पाहत? मी म्हणो, उद्या पाहू. ती गेली तवा बायका म्हणे, पोत काढून ठेवा, पोरीले होईन. मी काढू नाई देल्ली. तशीच गेली तिच्यासंगं."

बस यायची त्या सेलूच्या बाजूला रस्ता पार मोकळा होता. बसचा पत्ता नव्हता. तरी दौलतभाऊ माझ्याकडे पाठ करून दोन पावलं पुढं गेले आणि बस थांबवायला हात वर करून उभे राहिले.