चार बोटं उघडं दार

विनायक लेले बॉम्ब शेल्टरमध्ये बसून गाणी रेकॉर्ड करतो. सिंगापूरच्या नव्या फ्लॅटांत अशी एक खोली असते. जाड काँक्रीटच्या भिंती, खिडकी नाही, लोखंडी दार. बॉम्ब काही पडत नाहीत, त्यामुळे लोक तिथे तांदळाची पोती, प्रवासाच्या बॅगा आणि बंद पडलेली व्यायामाची सायकल ठेवतात. दार लावलं की समोरच्या पुलावरून जाणारी एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, तीसुद्धा ऐकू येत नाही. रेकॉर्डिंगला याहून चांगली जागा नाही. आणि लेले ते दार कधीही लावत नाही. उजव्या हाताची चार बोटं फटीत घालून बघतो, तेवढं उघडं ठेवतो आणि मग गिटार घेऊन पोत्यांमध्ये बसतो.

"अरे, दार उघडंच ठेवायचं तर हॉलमध्ये बस की," मी म्हणायचो. "इथे घामाने भिजतोयस कशाला?"

"हॉल कंट्रीत बसत नाही."

लेले गातो ते कंट्री, म्हणजे अमेरिकेतलं गुराख्यांचं संगीत, आणि जगातल्या सगळ्या गोष्टींची त्याने अशी वाटणी केलेली आहे. लिफ्ट कंट्रीत बसत नाही, जिना बसतो. कॉफीशॉपमधली काळी कॉफी बसते, मॉलमधली बसत नाही. मी बसत नाही. मी बँकेत अंतर्गत तपासणीत होतो आणि माझ्या शर्टाला इस्त्री असते. पण रेकॉर्डिंगचं यंत्र माझं होतं, म्हणून मला चालवून घेतलं जायचं. "गाणं माझं, डबा तुझा," एवढाच आमच्यातला करार. त्या डब्याला त्याने कधी हात लावला नाही.

इथल्या मराठी मंडळातल्या माणसांना काउबॉय लेले माहीत आहे तो टोपीमुळे, आणि अलीकडे त्या कार्यक्रमामुळे. इतका मान दिला तरी अर्ध्यातून उठून गेला, डोक्यात हवा गेली आहे, असं सगळे म्हणतात. मी ते ऐकून घेत आलो. ते खरं नाही, हे सांगायला मला इतके महिने लागले. म्हणून आधी लेले सांगतो, मग तो कार्यक्रम.

आम्ही दोघं तिशीत असताना सिंगापूरला आलो. लेले जुरोंगच्या एका यार्डात कॉस्ट अकाउंटंट होता. तिथे समुद्रातलं तेल काढायचे प्रचंड सांगाडे बांधत. टेक्सासचा एक फोरमन त्याच्या शेजारी बसून डबा खायचा. त्याने लेलेला कंट्री संगीताच्या कॅसेट ऐकवल्या, तीन कॉर्ड शिकवले आणि काम संपल्यावर जाताना गिटार आणि टोपी देऊन गेला. टोपी फोरमनच्या मापाची. लेले आत वर्तमानपत्राच्या घड्या घालून ती घालायचा. मान जोरात हलवली की टोपी फिरायची आणि तोंड तिथेच राहायचं.

"कंट्री म्हणजे काय सांगू? भावगीतच, पण बूट घालून," तो म्हणायचा.

ऑर्चर्ड रोडच्या मागे एक पब होता. तिथे एकाआड एक रविवारी दुपारी त्याला अर्धा तास मिळायला लागला. आधी तो इंग्रजी गाणी म्हणायचा. एका रविवारी धीर करून त्याने स्वतःचं मराठी गाणं म्हटलं. त्या काळात आमच्या पासांचं, म्हणजे इथे काम करायच्या परवान्यांचं, नूतनीकरण अडकलं होतं, राहणार की परत जाणार याचा पत्ता नव्हता. त्यावरचं ते गाणं:

पास आला नाही, पत्र आलं नाही,
सामान बांधू, की भाजी आणू, बाई?

गाणं संपल्यावर बिअर आणणाऱ्या पोऱ्याने सिंगापुरी इंग्रजीत विचारलं, "अंकल, हे कुठलं लँग्वेज लाह?"

"वेस्टर्न महाराष्ट्र," लेले म्हणाला. "म्हणूनच कंट्री अँड वेस्टर्न."

उषावहिनी, म्हणजे लेलेची बायको, माझ्या शेजारी बसल्या होत्या. पर्स सावरत त्या म्हणाल्या, "भावजी, 'बाई' म्हणजे मीच ना? मग सांगा त्यांना, भाजी आणा आधी."

वहिनींनी त्याचं संगीत असंच सांभाळलं. एकदा त्याच्या मनाने घेतलं की घोड्याच्या अंगाचा वास घेतल्याशिवाय कंट्री खरं होणार नाही. तेव्हा बुकित तिमाहला मुलांना घोडेस्वारी शिकवायचा एक तबेला होता. लेले टोपी घालून कुंपणाला नाक लावून उभा. पहारेकऱ्याला वाटलं कुणाचे तरी आजोबा आले आहेत, त्याने आत बोलावून खुर्ची दिली. घरी आल्यावर लेलेने जाहीर केलं, मी घोड्यावर बसायला शिकणार. वहिनी पोळ्या लाटत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "घोड्यावर बसायचं ते लग्नात. तेव्हा मामांच्या गाडीतून आलात."

यावरही त्याने गाणं केलं. चांगलं झालं होतं.

पब बंद पडला, यार्डातून निवृत्ती झाली, आणि मग घरातलं रेकॉर्डिंग सुरू झालं. त्यातही हट्ट. एक गाणं एकदाच. चुकलं, खोकला आला, तार तुटली, तरी पुन्हा नाही. "पहिला तो खरा." आणि रेकॉर्डिंग रविवारीच. मी कितीदा सांगितलं, की मधल्या वारी ठेव. वहिनी तोवर अंथरुणाला खिळल्या होत्या, त्यांना बघायला घरातच राहणारी हेल्पर बाई असायची. रविवारी तिची सुट्टी, मग मध्ये मध्ये तुलाच उठावं लागतं. "मधला वार कंट्रीत बसत नाही," एवढंच उत्तर.

वहिनींचा पलंग हॉलमध्ये होता. त्यांचा आवाज बारीक झाला तेव्हा लेलेने देवघरातली पितळी घंटा त्यांच्या उशाशी ठेवली. पाणी हवं, कूस बदलायची, पंखा कमी करायचा, की घंटा वाजे. ऐन गाण्यात वाजे. लेले गाणं थांबवत नसे. त्याच चालीत आतून उत्तर द्यायचा:

येतो गं, येतो गं, दोन ओळी राहिल्या,
त्याही तुझ्यावरच गं, तुझ्यापायी लिहिल्या.

मग खरोखर दोन ओळी म्हणून गिटार पोत्यावर टेकवून बाहेर जायचा. मी कानाला हेडफोन लावून कपाळावर हात मारायचो. प्रत्येक गाण्यात घंटा. प्रत्येक गाण्यात "येतो गं". मला चूक दिसली की हात शिवशिवतात. आयुष्यभर त्याचाच पगार घेतला.

गेल्या वर्षी वहिनी गेल्या.

लेले गायचा थांबला. भेटलं की हवापाण्याचं बोलायचा. त्याला उभारी यावी म्हणून मी मंडळात शब्द टाकला, की त्याच्या गाण्यांचा एक संग्रह काढू, सत्कार करू. लेले नको म्हणाला नाही. "लावा गाणी," म्हणाला. "मी पण ऐकीन."

मी बिशानला माझ्या घरी टेबलाशी बसून ती गाणी साफ केली. आधी सॉफ्टवेअर शिकलो, मग एकेक घंटा हाताने शोधून काढली. गाडीचा आवाज काढला, कोकिळेचं ओरडणं काढलं. "येतो गं"च्या ओळी कापल्या आणि जोड असा बसवला की कुणाला कळू नये. काम सुंदर झालं होतं. आणि मग मी मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकलं. एका नोंदीच्या दोन प्रती ठेवल्या की पुढे गोंधळ होतो, हे मी बँकेत प्रत्येक नव्या माणसाला शिकवत आलो होतो.

कार्यक्रम बुकित तिमाहच्या एका काँडो सोसायटीतल्या फंक्शन रूममध्ये झाला. लेले पहिल्या रांगेत, टोपी घालून. पहिलं गाणं लागलं तसा तो पुढे वाकला. दुसऱ्या गाण्याला त्याने कानामागे हात धरला. तिसऱ्याला टोपी काढून मांडीवर घेतली आणि अगदी हलायचाच थांबला, जसं कुणी दाराशी येईल म्हणून वाट बघावी. मग उठला, टोपी खुर्चीवर राहिली, आणि निघून गेला. शाल आणि नारळ माझ्या हातात.

"काय हो हा प्रकार?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

मला त्या क्षणी सगळं कळलं होतं. तरी मी म्हणालो, "जाऊ द्या हो. कलावंत आहे. लहर फिरली असेल."

पुढे जे काही पसरलं ते माझ्या या वाक्यावरून पसरलं.

दुसऱ्या दिवशी फोन. "बँकवाले, चुकीची प्रत लावलीस तू. त्यात उषा नाहीये. मूळची घेऊन ये."

"शोधतो," मी म्हणालो.

त्यानंतर दर रविवारी सकाळी फोन. "सापडली?" "शोधतोय." तो कधी चिडला नाही, उलट मलाच समजवायचा, "दमू नकोस, असेल कुठेतरी. तुझं सगळं जागच्या जागी असतं." शनिवारपासून माझी भूक जायची. सुनेला वाटलं पित्त वाढलंय. फोन वाजला की तो घेऊन मी संडासात जाऊन बसायचो, आणि टोपी माझ्या कपाटावर पिशवीत.

मग एका रविवारी फोन आला नाही. दुपारपर्यंत वाट पाहिली. न वाजणारा फोन मला सहन होईना. टोपी घेतली, डबा घेतला आणि निघालो. बिशानहून जुरोंगला लेलेच्या घरी जायला मध्ये एकदा मेट्रो बदलली की लवकर पोचतो. मी न बदलता लाल लाइनने उत्तरेकडून वळसा घालून गेलो. म्हातारपणी काही लपवायचं असलं की लांबची गाडी बरी वाटते. सांगायची वाक्यं मनात जुळवत होतो. प्रत्येक स्टेशनाला एक वाक्य गळत गेलं.

लेलेने दार उघडलं. हॉलमधला पलंग तसाच होता, चादर ताणलेली.

"फोन केला नाहीस," मी म्हणालो.

"म्हटलं, तुला किती त्रास द्यायचा. सापडली?"

"नाही. सापडणार नाही. विन्या, मी पुसली. मीच कापलं सगळं. घंटा, येतो गं, सगळं."

"सगळं?"

"सगळं."

तो स्वयंपाकघरात गेला. नळ बराच वेळ वाहत होता. बाहेर आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

"हिशेब जुळवलास रे," तो म्हणाला. "तिलाच वजा करून."

मी टोपी पुढे केली. त्याने ती घेतली, आतल्या वर्तमानपत्राच्या घड्या दाबून बसवल्या, डोक्यावर ठेवली.

"डबा आणलायस?"

"आणलाय."

त्याने देवघरातून घंटा आणली, उशाशी पूर्वीच्याच जागी ठेवली आणि पलंगाशेजारच्या खुर्चीकडे बोट केलं. "तू बाहेर बस आज." आत गेला. फटीत चार बोटं घालून बघितली. माझ्या खुर्चीतून त्या फटीत त्याचा एक गुडघा आणि गिटारचा कोपरा तेवढा दिसत होता. वहिनींना दर रविवारी एवढंच दिसत असणार, आणि त्यांची घंटा आत पोचायला एवढंच पुरत असणार.

मी डबा चालू केला आणि पासाचंच गाणं सुरू झालं. घंटा कधी वाजवायची ते त्याने सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती. एकेक घंटा मी स्वतःच्या हाताने शोधून काढली होती. कुठल्या शब्दावर आहे, कुठल्या तारेखाली दबली आहे, हे माझ्याइतकं कुणालाच पाठ नाही. "भाजी आणू"च्या अलीकडे, श्वासाच्या जागेवर, मी घंटा वाजवली.

आतली गिटार अडखळली. मग चालू झाली.

"येतो गं, येतो गं..."

दोन ओळी झाल्या, गाणं संपलं. तो मात्र बाहेर आला नाही. मी डबा बंद करायला उठलो.

"राहू दे चालू," आतून आवाज आला. "नीट नाही झालं. पुन्हा वाजव."