हिरवा रंग गेला कुठे?

शेषेरावांनी चाकूरच्या घरामागे पोहण्याचा तलाव बांधून घेतला, तेव्हा लातूरच्या ठेकेदाराने जाताना एकच गोष्ट पुन्हापुन्हा बजावली होती. "साहेब, ही मोटार रोज चालवायची. कंटाळा करायचा नाही."

"आन् मोटार पाणी नेती कुठं?"

"कुठेच नाही. तलावातलं उचलते, गाळते, परत तलावातच सोडते."

शेषेराव त्याच्या तोंडाकडे बघतच राहिले. त्यांच्या उभ्या आयुष्यात मोटारीचे काम एकच होते. पाणी जिथे आहे तिथून उचलून जिथे नाही तिथे न्यायचे. तिथलेच पाणी तिथेच सोडण्यासाठी वीज जाळायची, म्हणजे माणूस एक तर खुळा असला पाहिजे, नाहीतर सरकारी. ठेकेदाराची गाडी फाट्याला लागायच्या आत त्यांनी मोटारीचे बटण बंद करून टाकले.

पाणी काही दिवस छान निळे राहिले. मग कडेकडेने हिरवट झाले आणि उन्हाळा तापला तेव्हा दुसरी पायरीसुद्धा दिसेनाशी झाली. त्या पायरीखाली काय आहे, याबद्दल गल्लीत फार कुतूहल होते. कुणी कासव म्हणायचे, कुणी धामण म्हणायचे. शेषेरावांना स्वतःलाही उत्सुकता होती, पण पोहता येत नसल्यामुळे ती काठावरच राहिली.

जिची उत्सुकता काठावर मावत नव्हती अशी घरात एकच व्यक्ती होती. ती म्हणजे शेषेरावांच्या आई, गुणाबाई. त्यांचे माहेर मुरुडचे आणि बालपण विहिरीत गेलेले. लग्न झाले आणि पोहणे सुटले ते सुटलेच. त्या रोज सकाळी काठाशी येऊन विचारायच्या, "उतरू का रे आज?"

"माय, पाणी किती हिरवं झालंय बघ की."

"तुझ्या आजोळच्या हिरीचं पानी असंच व्हतं. आमी काय मेलो का?"

"आधी पाव्हणे येऊ दे. मंग खुशाल उतर."

पाहुण्यांचे प्रकरण असे होते. यंदा अधिक महिना भर उन्हाळ्यात आला होता आणि लेक पुनम, जावई आदिनाथ नांदेडहून धोंडे खायला येणार होते. सोबत व्याही किशनरावही येणार होते. लग्नाच्या मांडवात याच किशनरावांनी चारचौघांत विचारले होते, "चाकुरात लोकांला प्यायला पाणी न्हाई, पोहायला कुठून आणलाव?" तेव्हा शेषेरावांनी आपल्या पांढऱ्याशुभ्र, झुपकेदार मिशांवर हात फिरवून सांगितले होते, "धोंडे खायला या. तळ दिसंल असं पाणी दाखवतो. न्हाई दाखवलं तर ह्या मिशा उतरवीन!" वर त्यांनी असेही जोडले होते, की आमच्या मिशा जशा आहेत तशा आहेत, आम्ही कुणासारखा कलप लावत नाही. किशनरावांच्या काळ्याकुळकुळीत केसांकडे तेव्हा सगळ्या मांडवाने वळून पाहिले होते.

त्यात शेषेरावांचे खत-औषधांचे दुकान. पाटीवर नावापुढे 'पिकांचे डॉक्टर' असे रंगवलेले. तालुका ज्याच्या सल्ल्याने फवारतो, त्याच्याच घरामागे ही अवस्था. शेषेरावांना रात्रीची झोप लागेना.

"पाणी सोडून देऊन नवं भरा," असे शेजारचे आनंदराज सर म्हणाले. ते कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे.

"सर, हळू बोला! मे महिन्यात हौदभर पाणी गटारीत सोडलं तर लोक मला गावात ठेवतील का?"

तेव्हा आहे तेच पाणी सुधारायचे ठरले. आधी तुरटी झाली. सुतळीला बांधलेला खडा शेषेराव काठाने फिरवत राहिले आणि दोन दिवसांत वरचे पाणी खरोखर निवळले. पण तळाशी नेमके काय बसले आहे, हे बघावेसे वाटून सरांनी बांबू घातला आणि एकदा ढवळले. तळाचे सगळे वर आले. सरांना मात्र समाधान झाल्यासारखे दिसले.

मग ब्लीचिंग पावडर. दुकानातल्या निळ्या पिपात ती कालवून शेषेरावांनी फवारणीच्या पंपाने चहूबाजूंनी फवारली. रोगट पिकावर फवारतात तशी, वाऱ्याची दिशा बघून. पाणी एक दिवस फिकटले आणि मग असे काही हिरवे झाले, की कंपाउंडच्या भिंतीवरून डोकावणारे शेतकरी चाट पडले.

"डाक्टर, ह्येला कंचं खत घातलाव?" एकाने विचारले. "आमच्या उसाला कवाच अशी काळोखी आली न्हाई."

आनंदराज सरांनी पिपात वाकून वास घेतला. "दादा, या पिपात आधी काय होतं?"

"विद्राव्य खत. शेतकऱ्यांला दाखवायला घोळलं व्हतं."

"आणि धुतलं नाही?"

शेषेरावांनी पीप पायाने मागे सारले.

"म्हणजे आपण मारतोय कमी आणि शेवाळाला खतच देऊन राहिलो!" सर खुशीत म्हणाले. त्या आठवड्यात ते खत दुकानात शिल्लक राहिले नाही, पण शेषेरावांना त्याचा आनंद घेता आला नाही. पाहुणे यायला आठवडाही उरला नव्हता.

शेवटी त्यांना मोरचूद आठवला. बागाईतदार बुरशीवर वापरतात तो निळा खडा. सरांनी तलावाचे माप घेऊन, गणित मांडून, एवढीशी पुडी बांधून दिली. शेषेरावांनी पुडी बघितली, तलाव बघितला आणि दुकानात गिऱ्हाइकाला नेहमी जे सांगायचे ते स्वतःला सांगितले. जरा हात सैल सोडावा. सरांची पाठ वळल्यावर त्यांनी ओंजळीने मोरचूद टाकला आणि इलाज नाही म्हणून मोटारही चालू केली.

आणि काय आश्चर्य! तिसऱ्या दिवशी तळ दिसला. कासव नव्हते, धामण नव्हती. एक चप्पल, दोन चेंडू आणि शेषेरावांच्या बायकोचा, महादेवीबाईंचा, हरवलेला तांब्या होता. गल्लीची निराशा झाली. महादेवीबाई तांब्या परत मिळाला म्हणून नवऱ्यावर जरा तरी प्रसन्न झाल्या.

"पण सर, मला एक सांगा," शेषेराव काठावर उकिडवे बसून म्हणाले. "एवढा हिरवा रंग व्हता. त्यो गेला कुठं असंल?"

"चांगला प्रश्न आहे," सर म्हणाले.

शेषेरावांना तलावाचा मोह पडला. छातीइतक्या पाण्यात ते पायऱ्या घासायला म्हणून उतरायचे आणि नाक धरून बुड्या मारत बसायचे. सकाळ-संध्याकाळ हेच. पाहुणे यायच्या दिवशी सकाळी ते बाहेर आले, तेव्हा महादेवीबाई स्वयंपाकघराच्या दारात अनारशाचे पीठ मळत उभ्या होत्या. त्यांच्या हातून परात सुटली.

"आवो! तुमच्या मिशा!"

मिशा हिरव्या झाल्या होत्या. डोक्यावरचे पांढरे केसही हिरवे. कोवळ्या हरभऱ्यासारखे.

आनंदराज सर धावत आले. त्यांनी शेषेरावांना उन्हात उभे करून सगळ्या बाजूंनी पाहिले. "मोरचुदात तांबं असतं. ते पांढऱ्या केसावर बसलं. परवा कळत नव्हतं ना, रंग कुठे गेला ते?"

मग लिंबू चोळले, ताक चोळले, टोमॅटो चोळला. मिशा हिरव्याच राहिल्या, फक्त त्यांना कोशिंबिरीचा वास येऊ लागला. पुनमचे व्हिडिओ कॉल येत होते, पण या तोंडाने फोन उचलणार कसा? महादेवीबाईंनी तळणीपुढे नको म्हणून आपला फोन देवघरात ठेवला होता.

"कलप लावा," महादेवीबाई म्हणाल्या.

"व्याह्यासारखा? मरंन, पर कलप लावणार न्हाई!" शेषेरावांच्या डोळ्यांत खरेच पाणी आले. तळ दिसत होता, शर्त जिंकली होती आणि नेमक्या त्या मिशाच दाखवण्याजोग्या उरल्या नव्हत्या. शेवटी ते म्हणाले, "सर, वस्तरा आणा. डोकं, मिशा, समदं काढा. तिरुपतीला जाऊन आलो म्हणून सांगतो."

सरांनी काम केले आणि थोडे हिरवे केस प्रयोगासाठी बाटलीत घालून घेतले.

गुळगुळीत शेषेराव दूध घ्यायला फाटकाशी गेले. मोटारसायकलवरून जाणाऱ्या एकाने त्यांना पाहून गाडी थांबवली, चप्पल काढून हात जोडले आणि न बोलता निघून गेला. तिरुपतीचा महिमा, असे शेषेरावांना वाटले. दुपारपर्यंत बाजारपेठेत शेजारच्या दुकानांची शटरे अर्ध्यावर आली, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता.

चाकूरच्या फाट्यावर किशनरावांची गाडी चहाला थांबली. चहावाल्याने विचारले, "शेषेरावांकडं का? मिशा उतरवल्या बिचाऱ्यानं."

किशनरावांनी मांडीवर थाप मारली. "हरला! आदिनाथ, ऐकलंस? शर्त हरला आपला व्याही!"

"डोकंबी भादरलंय," चहावाला हळूच म्हणाला.

किशनरावांचा हात मांडीवरच राहिला. शर्त मिशांपुरती होती. डोक्याचे काही ठरले नव्हते. मिशा आणि डोके, दोन्ही एकदम, ते आई-बाप गेल्यावरच. शेषेरावांचे वडील तर कधीच वारले होते आणि सकाळपासून घरी कुणी फोनही उचलत नव्हते. पुनम "आजी!" म्हणून जी रडायला लागली, ती घरापर्यंत थांबली नाही.

दारात पुनम आईच्या गळ्यात पडली. लेक एवढी रडतेय म्हणजे सासरी काहीतरी जाच असणार, असे वाटून महादेवीबाईही रडू लागल्या. किशनरावांनी शेषेरावांचे दोन्ही हात धरले.

"लई वाईट झालं. कवा झालं?"

बायकोने मिशांचे फोडलेले दिसते, असे शेषेरावांनी ताडले. "सकाळी. पाण्यामुळं झालं, व्याही. माझीच चूक."

"पाण्यामुळं?" किशनरावांचा चेहरा उतरला. "म्हंजे, त्या हौदात?"

"त्याच. या, दाखवतो."

सगळे मुकाट्याने घरामागे गेले. तलाव निळा आणि निवळशंख होता. आणि त्यात गुणाबाई उताण्या तरंगत होत्या. डोळे मिटलेले, हात पसरलेले, लुगड्याचा काष्टा घट्ट. पाहुण्यांची गाडी फाटकात आलेली पाहिल्याबरोबर त्या उतरल्या होत्या. पाहुणे आले की खुशाल उतर, असे लेकानेच सांगितले होते.

"आरं, त्यांला अजून भाईरबी काढलं न्हाई!" किशनराव ओरडले आणि बूट-चपलांचा विचार न करता त्यांनी उडी टाकली.

"बाबा, तुम्हाला पोहता कुठं येतंय!" आदिनाथ मागून ओरडला.

गुणाबाईंनी डोळे उघडले. "कोन हाय रे मुडद्या? अंगावर पडतूस!"

"मेलो! मेलो!" किशनराव दोन्ही हात आपटत होते.

"आगं बया, पाव्हणे व्हय! उभं ऱ्हावा की. छातीइतकंच पानी हाय."

किशनराव उभे राहिले. पाणी छातीइतकेच होते. मग पुनमला रडता रडता हसू फुटले आणि ती कपड्यांसकट पाण्यात शिरून आजीला बिलगली. सगळा उलगडा व्हायला बराच वेळ लागला, कारण शेषेरावांना मध्येमध्ये हुंदके येत होते आणि आनंदराज सर मध्येमध्ये बाटली दाखवत होते.

ऐकून झाल्यावर किशनरावांनी खाली पाहिले. पाण्यातून त्यांना स्वतःचे बूट, बुटांच्या नाड्या, नाडीची गाठ, सगळे स्वच्छ दिसत होते.

"तळ दिसून राहिला," ते नाइलाजाने म्हणाले. "शर्त तुमची. पर मिशा गेल्याच की वो."

"तुमच्यापायी न्हाई गेल्या," शेषेराव म्हणाले आणि त्यांनी सवयीने वरच्या ओठावर हात फिरवला. तिथे काही नव्हते, तरी त्यांना फार बरे वाटले.

जेवणे झाली, धोंडे झाले, जावयाला वाण दिले. उन्हात केस वाळवत बसलेल्या गुणाबाईंकडे बघून महादेवीबाईंनी तोंडावर हात ठेवला. गुणाबाईंनी आरसा मागवला. हिरवे केस त्यांनी पुढून पाहिले, बाजूने पाहिले.

"एवढ्या वर्सानं पालवी फुटली म्हनायची," त्या म्हणाल्या आणि आरसा परत दिला.

सर तोवर किशनरावांच्या डोक्याभोवती फिरत होते. "यांना काहीच झालं नाही. कलपामुळे, बरं का. कलपावर तांबं बसलेलं दिसत नाही." किशनराव पहिल्यांदाच लाजले आणि शेषेरावांनी, मोठ्या मनाने, ऐकलेच नाही असे दाखवले.

संध्याकाळी गल्ली पुन्हा भिंतीवरून डोकावत होती. तलावात दोन व्याही छातीइतक्या पाण्यात उभे होते. दोघांच्या पाठीला तेलाचे रिकामे डबे दोरीने बांधले होते, मुरुडच्या विहिरीत पोरांना बांधायचे तसेच. काठावर हिरव्या केसांच्या गुणाबाई मांडी घालून बसल्या होत्या.

"पाय मारा! व्याही, हात न्हाई, पाय! शेष्या, नाक सोड!"

दोघांनी बराच वेळ पाय मारले. पाणी उडाले, डबे वाजले, पण दोघे होते तिथेच राहिले. दमून शेषेरावांनी मोटारीकडे पाहिले. सवय जात नाही. "माय, उगं चालू हाय. बंद करू का ती?"

"ऱ्हाऊ दे," गुणाबाई म्हणाल्या. "तीबी तिथल्या तिथं फिरून राहिली आन् तुमीबी. ती निदान पानी तरी गाळती."