सोबत गंज

भाड्याच्या बाबतीत मनोहररावांचा हात धरणारा माणूस अख्ख्या नागपुरात अजून जन्माला यायचा होता! हे आम्ही नाही म्हणत, मनोहरराव स्वतःच म्हणायचे. कळमेश्वरच्या एका पंख्यांच्या कारखान्यात त्यांनी उभी नोकरी डिस्पॅचच्या टेबलावर काढली. माल कोणत्या गाडीनं जाईल आणि भाडं कोण भरेल, हे दोनच प्रश्न त्यांनी जन्मभर सोडवले. दुसऱ्याचं उत्तर ठरलेलं होतं, "आपण सोडून कोणीबी!" रिटायर होऊन मनीषनगरातल्या फ्लॅटमध्ये राहायला आले तरी सवय जाईना. त्यांना कोपऱ्यावर उभं पाहिलं की ऑटोवाले हळूच दुसऱ्या गल्लीत वळायचे.

फ्लॅटच्या बाल्कनीत एक पितळी घंगाळ पडलं होतं. त्यातल्या पाण्यानं आता कोणी अंघोळ करत नव्हतं. मनकर्णाबाई त्यात कांदे ठेवायच्या. एक दिवस मनोहररावांना मोबाइलवर जुन्या वस्तूंच्या लिलावाचं दुकान सापडलं. फोटो टाकायचा, लोक घरबसल्या बोली लावतात, जास्त बोलेल त्याला वस्तू द्यायची. आणि पाठवायचं भाडं? ते घेणाऱ्यानं आणि देणाऱ्यानं आपसात ठरवायचं. हे वाचलं आणि म्हाताऱ्याच्या अंगात वीज संचारली!

"मनकर्णे, घंगाळ इकून टाकतो वं! ऑनलाइन!"

"इका ना. पण मंग कांदे कोठी ठेवू?"

"कांद्याचं पाहू मंग. भाड्यात मले कोणी हरवू शकत नाही, तू पाहतच राह्य फक्त!"

दुपारी मनकर्णाबाई भिशीला गेल्या आणि मनोहररावांनी फोटोची तयारी केली. घंगाळ घासलं, पुसलं, खुर्चीवर ठेवलं. पण त्याचं ते रिकामं पोट पाहून त्यांचा जीव कासावीस झाला. कारखान्यात त्यांचा नियम होता, पेटीत मोकळी जागा सोडायची नाही. हवेचं भाडं काहून द्यायचं? त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. ओट्यावर गंज होता. तो उचलून त्यांनी घंगाळात बसवून पाहिला. असा फिट्ट बसला, की वाटावं दोघांचं मापच एका माणसानं घेतलं आहे. मग बाहेर काढून घंगाळाशेजारी मांडला आणि फोटो काढला.

आता इथं थोडं थांबायला पाहिजे. आमच्याकडं गंज म्हणजे पातेलं. उभ्या काठाचं, खोल, वरणाभाताचं. लोखंडाला चढतो त्याला आम्ही जंग म्हणतो. पुण्याकडचे लोक मात्र त्या जंगालाच गंज म्हणतात! हे मनोहररावांना ठाऊक नव्हतं. ठाऊक असायचं कारणही नव्हतं, पंखे पुण्याला जायचे, मनोहरराव कधी गेले नव्हते. त्यांनी बिनधास्त लिहिलं:

'जुनं पितळी घंगाळ. सोबत गंज. फोटोत दिसून राहिला तसाच मिळेल. भाडं घेणाऱ्याकडे, वजनाप्रमाणे.'

बोली पुण्याच्या गार्गी नावाच्या बाईंनी जिंकली. मनोहररावांनी आनंदानं घरात बातमी दिली आणि फोटो दाखवला. मनकर्णाबाईंनी चष्मा लावून फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला.

"यात गंज काहून आहे?"

"घंगाळ रिकामं काहून पाठवायचं?"

"मले विचारलं काय तुमी?"

"अवं, एक गंज तं आहे! तुले नवा आणून देतो. स्टीलचा, चकचकीत!"

"माह्या मायचा गंज आहे तो," मनकर्णाबाई म्हणाल्या. "रामटेकहून डोक्यावर घेऊन आली होती, माह्या पहिल्या बाळंतपणाले. तिचं तेवढंच राह्यलं माह्यापाशी. तुमाले ठाव नाही काय?"

ठाऊक होतं हो! पण माल बांधायच्या नादात माणसाला काय काय विसरायला होतं. मनोहररावांना खरंच वाईट वाटलं. पण बोली होऊन गेली होती. आता नाही म्हटलं तर शब्द जाईल, असं ते दोनदा मोठ्यानं म्हणाले. मनकर्णाबाईंनी चष्मा काढून डब्यात ठेवला. त्यांनी भांडण केलं असतं तर मनोहररावांना सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी गार्गीबाईंचा फोन आला.

"काका, भाडं फार सांगताय तुम्ही! जुन्या भांड्यांचं एवढं वजन?"

"मॅडम, गंजाचं वजन धरून आहे ते."

"काय? गंजाचं वजन? गंजाचं भाडं मी का देऊ?"

"मंग कोण देईन? गंज काही लहान नाही मॅडम, भलता जड आहे!"

"अहो, पण पितळेला गंज चढेलच कसा? घंगाळ खरंच पितळेचं आहे ना?"

मनोहररावांचा पारा चढला. "शंभर टक्के पितळेचं! गंजबी पितळेचाच आहे!"

"पितळेचा गंज?"

"हाव! जुना, अस्सल! आता असा गंज मिळत नाही बजारात!"

बाई बहुधा फोन कोणाला लागला आहे ते तपासत असाव्यात.

"काका, गंज किती आहे नक्की?"

"एकच आहे. पण आतून कल्हई केलेली आहे."

"गंजावर कल्हई केलीत? गंज न काढताच?"

"गंज काढला तं कल्हई कायले करू?"

"हे बघा काका," गार्गीबाईंचा आवाज आता फार सभ्य झाला, "आधी गंज काढा, मग वजन करा, मग पाठवा. गंजाचं भाडं मी देणार नाही."

"पाहा हां मॅडम. मंग गंज मांगसान तं मिळणार नाही!"

"गंज कोण कशाला मागेल?"

मनोहररावांनी फोन ठेवला आणि टाळीच वाजवली! गेलेला गंज घरात राहिला, तोही गिऱ्हाइकाच्या हुकमानं! त्यांनी गंज दोन्ही हातांत धरून बायकोसमोर नेला. "घे वं तुहा गंज! पुण्याच्या बाईनं सोडून देल्ला!"

मनकर्णाबाईंचा चेहरा असा फुलला, की मनोहररावांना आपणच काहीतरी मोठं करून दाखवल्यासारखं वाटलं. त्या रात्री पालकाची पातळभाजी झाली, गंजात. घंगाळ खोक्यात गेलं, पोटात वर्तमानपत्रं कोंबून. घरात आनंदीआनंद झाला. तो काही टिकायचा नव्हता.

घंगाळ पुण्याला पोचलं आणि फोन वाजला.

"काका, पातेलं कुठाय?"

"कोणतं पातेलं? आमी पातेलं इकलंच नाही!"

"असं कसं? मी बोलीच पातेल्यावर लावली! घंगाळाचं मी काय करू? थांबा, फोटो पाठवते."

फोटो आला. त्यांचाच. पातेल्याभोवती बाईंनी लाल वर्तुळ काढलं होतं.

"मॅडम, हाच तं गंज!"

"गंज कुठाय? मला तर एवढासासुद्धा दिसत नाही!"

"अवो, वर्तुळात आहे ना!"

"वर्तुळात पातेलं आहे!"

"पातेलं म्हंजे गंज!"

मग पुण्यातून एक दीर्घ "अग्गंबाई" ऐकू आलं. बाई हसल्या. मनोहररावांनाही हसू आलं. दोघांनी पोटभर हसून घेतलं. तिथंच गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं!

बाई मनानं चांगल्या होत्या. म्हणाल्या, "काका, दोन मार्ग आहेत. पातेलं पाठवा, किंवा ते तुम्हाला ठेवायचं असेल तर मी घंगाळ परत पाठवते, माझे पैसे द्या. येतानाचं भाडं मी भरलं, परतीचं तुम्ही भरा. चालेल?"

चालेल! एवढंच म्हणायचं होतं. घंगाळ घरी, कांदे घंगाळात, गंज ओट्यावर, मनकर्णाबाई खूश. पण मनोहररावांच्या कानात त्यातला एकच शब्द शिरला, परतीचं भाडं. कारखान्यात एकदा माल परत आला होता तेव्हा त्यांना दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. परतीचं भाडं भरणं म्हणजे डिस्पॅचवाल्यानं नाक कापून घ्यायची गोष्ट!

"परतीचं भाडं मी नाही देणार मॅडम!"

"मग पातेलं पाठवा. त्याचं भाडं तुमचं. शब्द तुमचा चुकला."

"माहा शब्द चुकला? नागपुरात कोणालेबी विचारा! तुमाले मराठी समजत नाही त्याले मी काय करू?"

झालं, जुंपली! रोज संध्याकाळी चहानंतर फोन. घंगाळाची वर्तमानपत्रं कोणाची, इथपर्यंत गोष्ट गेली. मनोहररावांना वीस वर्षांनी तरुण झाल्यासारखं वाटत होतं. आवाज चढायचा, उतरायचा, मध्येच पडायचा, "मी पेन्शनर माणूस आहे मॅडम" असा ओला व्हायचा. आतल्या खोलीत मनकर्णाबाई भाजी निवडता निवडता ऐकायच्या. भांडण गंजाचं चाललं आहे, आणि गंज कोणाचा ते कोणीच विचारत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

शेवटी गार्गीबाई थकल्या. "जाऊ द्या काका! पातेल्याचं भाडंही मीच देते. घरात कार्य आहे. पाठवा लवकर."

"जितलो!" मनोहरराव ओरडले. ओरडत स्वयंपाकघरात गेले. "मनकर्णे, एक रुपया नाही देल्ला! दोन्ही खेपेचं भाडं तिच्याकडून काढलं! आण तो गंज, कुरिअरवाल्याकडं—"

आणि तिथंच ते थांबले. गंज गॅसवर होता. त्यात वरण शिजत होतं. मनकर्णाबाई हातात पळी धरून उभ्या होत्या.

त्यांनी गॅस बंद केला. वरण स्टीलच्या पातेल्यात ओतलं. गंज चिंचेनं घासला, धुतला, पदरानं कोरडा केला. ही सगळी कामं त्यांनी इतकी सावकाश केली, की मनोहररावांना "राहू दे" म्हणायला दहा वेळा जागा होती. पण राहू दे म्हणजे घंगाळ परत. घंगाळ परत म्हणजे परतीचं भाडं. नुकतीच जिंकलेली लढाई अशी कशी सोडायची!

"घ्या," मनकर्णाबाई म्हणाल्या. "भाडं तं वाचलं ना?"

कुरिअरच्या दुकानात दुर्गेश नावाचा माणूस बसायचा. त्यानं खोकं काट्यावर ठेवून विचारलं, "आत काय आहे काका?"

"गंज."

"कोणाचा?"

तो आपला पाठवणाऱ्याचं नाव विचारत होता. पण मनोहररावांना उत्तर देता येईना. "लिव माहं नाव," ते शेवटी म्हणाले आणि बाहेर येऊन फुटपाथवर उभे राहिले. आत जाऊन खोकं परत मागावं, असं फार वाटलं. मग खोकी न्यायची गाडी आली आणि गेली. त्या दिवशी त्यांनी घरी यायला ऑटो केला आणि मागेल तेवढे पैसे दिले. ऑटोवाला घाबरून गेला!

घरात भांडण नाही, रुसवा नाही. जेवण वेळेवर. फक्त वरण रोज बुडाला लागायचं. स्टीलचं पातेलं पातळ असतं, त्याचा काय दोष! मनोहरराव करपलेलं वरण मुकाट्यानं ओरपायचे आणि "मस्त झालं" म्हणायचे. मनकर्णाबाई "हाव" म्हणायच्या.

आठवडाभरात त्यांचा धीर सुटला. बाल्कनीचं दार लावून त्यांनी पुण्याला फोन केला.

"मॅडम, तो गंज... वापस मिळन काय? तुमचे पैसे देतो. जायचं भाडं, यायचं भाडं, घंगाळाचंबी, सारंच्या सारं मी देतो."

पलीकडं बाळ रडत होतं. "अहो काका, काल बारसं झालं माझ्या मुलीचं! त्याच पातेल्यात खीर केली. सासूबाई म्हणाल्या, हे आता हिचं, हिच्या लग्नात द्यायचं. आता कसं देऊ? प्रश्न भाड्याचा नाही हो."

प्रश्न भाड्याचा नाही! हे मनोहररावांना जन्मात पहिल्यांदा कोणीतरी सांगितलं. तेही पुण्याहून. "नाही, नाही, राहू द्या," ते म्हणाले. "पोरीले आशीर्वाद सांगा." आणि फोन ठेवून तिथंच बसून राहिले. काय मिळवलं आपण, हा हिशेब काही केल्या जुळेना.

दोन दिवसांनी मोबाइल वाजला. गार्गीबाईंनी लिलावाच्या दुकानावर अभिप्राय लिहिला होता. मनोहररावांना तेवढाच आधार वाटला. बायकोला जरा बरं वाटेल म्हणून ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून मोठ्यानं वाचू लागले.

"आयकलं काय वं? पाचपैकी पाच तारे देल्ले बाईनं! लिवते, 'माणूस भांडखोर, पण वस्तू सुरेख. गंज अजिबात नाही.'"

मनकर्णाबाई स्टीलच्या पातेल्याचं बूड खरवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"खरं लिवलं तिनं," त्या म्हणाल्या. "अजिबात नाही."